विद्यापीठातील लैंगिक अत्याचार आणि गुन्हेगाराचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुन्हेगारीशास्त्राच्या तासाला हा विषय निघाला की वर्गात आधी शांतता पसरते आणि मग तेच प्रश्न एकामागून एक येऊ लागतात. पालकांच्या सभेतही थोड्याफार फरकाने तेच विचारले जाते. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या अशा प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. या विषयावरचे बरेचसे संशोधन अमेरिका आणि कॅनडामधील विद्यापीठांत झालेले असल्यामुळे चर्चाही मुख्यतः तिथलीच आहे. आपल्याकडच्या महाविद्यालयांशी तिचा खरोखर संबंध येतो तिथे तो सांगितला आहे.

तर्कसंगत निवड सिद्धान्त म्हणजे नेमके काय?

गुन्हा करणारा माणूस, कितीही घाईत आणि कितीही ढोबळपणे का होईना, मिळणारा फायदा आणि पत्करावी लागणारी जोखीम यांचा ताळा मांडतो, असे हा सिद्धान्त मानतो. याचे मूळ इटलीतील चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्ये मांडलेल्या विचारात सापडते. शिक्षा किती भयंकर आहे यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री माणसाला अधिक रोखते, हे त्याने तेव्हाच सांगितले होते. पुढे जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने सुखदुःखाच्या हिशेबाची चौकट उभी केली. १९६८ मध्ये गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने गुन्ह्याचा विचार सरळ खर्च आणि लाभाच्या भाषेत मांडला. त्यांना १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. डेरेक कॉर्निश आणि रोनाल्ड क्लार्क यांनी १९८६ मध्ये या विचाराला गुन्हेगारीशास्त्राला पेलेल असे रूप दिले. माणसाचा हिशेब अपुऱ्या माहितीवर, वेळेच्या दडपणाखाली आणि बऱ्याचदा चुकीच्या समजुतींवर होतो, हे त्यांनी मान्य केले. शिवाय प्रत्येक प्रकारच्या गुन्ह्यातला हिशेब वेगळा असतो, म्हणून तो वेगवेगळाच तपासला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

‘तर्कसंगत’ या शब्दामुळे विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. कृत्य शहाणपणाचे आहे किंवा समर्थनीय आहे असा त्याचा अर्थ नाही. कृत्यामागे निवड आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि निवड आहे म्हटले की जबाबदारीही आली.

बलात्कार तर वासनेच्या भरात होतो. त्यात हिशेब कुठून आला?

हा समज फार खोल रुजलेला आहे आणि गुन्हेगाराच्या तो सोयीचाही आहे, म्हणून त्याचे उत्तर सावकाश द्यायला हवे. एरिक बोरेगार्ड आणि बेन्वा लेक्लेर यांनी कॅनडात वारंवार लैंगिक गुन्हे केलेल्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. जागा कोणती निवडायची, कोणाला गाठायचे, विरोध झाला तर काय करायचे आणि निसटायचे कसे, या प्रत्येक टप्प्यावर निर्णय घेतल्याच्या खुणा त्या मुलाखतींत दिसतात.

विद्यापीठातील प्रकरणांत ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. तिथला अत्याचारी सहसा अंधारातून आलेला अनोळखी इसम नसतो. बॉनी फिशर, फ्रान्सिस कलन आणि मायकेल टर्नर यांनी ४,४४६ विद्यार्थिनींशी दूरध्वनीवरून बोलून केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहापैकी सुमारे नऊ विद्यार्थिनी अत्याचाऱ्याला ओळखत होत्या. तो वर्गमित्र होता, मित्र होता, पूर्वीचा प्रियकर होता. हा माणूस ग्रंथालयाच्या वाचनकक्षात किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांसमोर असे वागत नाही. वासना अनावर झाल्याचे नंतर सांगणाऱ्याचे भान दाराला कडी लावून घेण्याइतके त्या क्षणी शाबूत असते.

हा सिद्धान्त विद्यापीठातील लैंगिक अत्याचाराला लावून कोणी तपासला आहे का?

हो. यातला सर्वांत महत्त्वाचा अभ्यास रॉनेट बाकमन, रेमंड पॅटरनॉस्टर आणि सॅली वॉर्ड यांचा आहे. तो १९९२ मध्ये ‘लॉ अँड सोसायटी रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यापीठातील पुरुष विद्यार्थ्यांना काही काल्पनिक प्रसंग वाचायला दिले. प्रसंगातला पुरुष जे करतो ते तुम्ही करण्याची शक्यता किती, पकडले जाण्याची शक्यता किती आणि हे कृत्य नैतिकदृष्ट्या किती चूक वाटते, अशा स्वरूपाचे प्रश्न विचारले आणि उत्तरांचा परस्परसंबंध तपासला.

त्यातून दोन निष्कर्ष निघाले आणि ते एकत्रच वाचावे लागतात. औपचारिक कारवाई होईल याची शक्यता ज्यांना अधिक वाटत होती, त्यांनी तसे वागण्याची शक्यता कमी सांगितली. म्हणजे जरब काही प्रमाणात लागू पडते. पण ज्यांना ते कृत्य मुळातच घृणास्पद वाटत होते, त्यांच्या बाबतीत कारवाईच्या भीतीने काही फरक पडत नव्हता, कारण तो पर्याय त्यांच्या मनात येतच नव्हता. हिशेब मांडत होते ते ज्यांच्या मनातला नैतिक अडसर आधीच सैल झाला होता, असे लोक.

तीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी हा अभ्यास मला मोलाचा वाटतो. शिस्त हवी की संस्कार हवेत, असा वाद आपल्याकडे परिसंवादांत तासन्‌तास रंगतो. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या माणसांवर काम करतात, हे या अभ्यासाने दाखवून दिले. अर्थात, कागदावरच्या प्रसंगाबद्दल दिलेले उत्तर आणि प्रत्यक्षातले वागणे यांत अंतर असते, आणि ही मर्यादा अशा सगळ्याच अभ्यासांना आहे.

कामोत्तेजना आणि दारू यांमुळे हिशेब बिघडत नाही का?

बिघडतो. जॉर्ज लोवेन्स्टाइन, डॅनियल नेगिन आणि पॅटरनॉस्टर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पुरुष विद्यार्थ्यांना उत्तेजक छायाचित्रे दाखवली, काहींना साधी दाखवली, आणि मग डेटवरचा एक प्रसंग वाचायला दिला. उत्तेजित झालेल्या गटाने आपण जबरदस्तीने वागू शकू, अशी शक्यता अधिक सांगितली. त्यामुळे धोरण ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. निव्वळ कायद्याचे कलम आठवून माणूस त्या क्षणी थांबेल यावर विसंबता येत नाही. तो क्षण येण्याआधीची परिस्थिती आणि आधीपासूनची सवयच कामी येते. दारूचेही तसेच आहे. दारू प्यायल्याने जबाबदारी सुटत नाही. उलट समोरच्या मुलीला जास्त पाजणे, ही अनेकदा त्या हिशेबातलीच पहिली पायरी असते.

अमेरिकेत प्रमाण नेमके किती आहे? आकडे इतके वेगवेगळे का ऐकू येतात?

कारण प्रश्न वेगवेगळे विचारले जातात. मेरी कॉस यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३२ संस्थांमधील ६,१५९ विद्यार्थ्यांचा समावेश होता. ‘बलात्कार’ हा शब्द न वापरता त्यांनी प्रत्यक्ष काय घडले ते विचारले. २७.५ टक्के विद्यार्थिनींनी वयाच्या चौदाव्या वर्षापासून बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न अनुभवल्याचे त्यातून समोर आले. त्याच पाहणीत ७.७ टक्के पुरुषांनी असे वर्तन केल्याचे स्वतःच कबूल केले होते, याचा उल्लेख मात्र फारसा होत नाही. अमेरिकन विद्यापीठांच्या संघटनेने २०१९ मध्ये ३३ विद्यापीठांत घेतलेल्या पाहणीत पदवीच्या वर्गांतील २५.९ टक्के विद्यार्थिनींनी बळजबरीने, किंवा त्या संमती देण्याच्या स्थितीत नसताना, झालेला लैंगिक स्पर्श अथवा संबंध नोंदवला. यात स्पर्शापासून बलात्कारापर्यंत सगळे येते.

याउलट अमेरिकी सरकारच्या गुन्हेपीडित पाहणीनुसार १९९५ ते २०१३ या काळात १८ ते २४ वयोगटातील विद्यार्थिनींमध्ये हे प्रमाण वर्षाला हजारी ६.१ होते, आणि त्याच वयाच्या विद्यार्थिनी नसलेल्या स्त्रियांमध्ये हजारी ७.६. ही पाहणी गुन्ह्यांबद्दलची म्हणून घेतली जाते, त्यामुळे जिला आपल्यावर ‘गुन्हा’ झाला असे वाटत नाही ती इथे काही सांगत नाही. फिशर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ज्यांच्या बाबतीत घडलेले कृत्य बलात्काराच्या व्याख्येत पूर्णपणे बसत होते, त्यांपैकीही जवळजवळ निम्म्या घटनांत त्या विद्यार्थिनींनी त्याला बलात्कार म्हटले नव्हते. हे एवढे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी आकड्यांमधली तफावत बरीचशी उलगडते.

मग पकडले जाण्याची जोखीम खरोखर किती असते?

फारच थोडी, आणि माझ्या मते सगळे पाणी इथेच मुरते. त्याच २००० सालच्या अभ्यासात बलात्काराच्या किंवा बलात्काराच्या प्रयत्नाच्या पाच टक्क्यांहूनही कमी घटना पोलिसांपर्यंत पोहोचल्या होत्या. सुमारे दोनतृतीयांश घटनांत त्या विद्यार्थिनीने कोणाला तरी सांगितले होते, बहुधा मैत्रिणीला. म्हणजे गोष्ट दडपलेली नव्हती. ती संस्थेच्या दारापर्यंत येऊन तिथेच थांबत होती.

अमेरिकेत १९९० पासून क्लेरी कायद्यानुसार केंद्र सरकारच्या विद्यार्थी अर्थसाहाय्य योजनांत सहभागी असलेल्या प्रत्येक संस्थेला आपल्या आवारातील गुन्ह्यांची आकडेवारी दर वर्षी जाहीर करावी लागते. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी वुमेन या संस्थेने २०१६ ची आकडेवारी तपासली, तेव्हा ८९ टक्के आवारांनी बलात्काराची नोंद ‘शून्य’ दाखवली होती. हजारो विद्यार्थी राहत असलेल्या आवारात शून्य हा आकडा सुरक्षिततेची खूण नसतो. तिथे तक्रार करायची वाट बंद आहे, एवढेच तो सांगतो. जो तरुण हिशेब मांडत असतो त्यालाही हा शून्य दिसतो, आणि तो त्याचा अर्थ आपल्यापेक्षा अचूक लावतो.

शिक्षा अधिक कडक केली तर?

हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक मोठ्या घटनेनंतर विचारला जातो, म्हणून इथलेच उदाहरण घेते. बलात्काराच्या किमान सात वर्षांच्या शिक्षेत सूट देण्याचा न्यायालयाचा अधिकार भारतीय दंड संहितेच्या २०१३ च्या दुरुस्तीने काढून घेतला, २०१८ मध्ये ही किमान शिक्षा दहा वर्षे झाली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केले. त्यात काही लैंगिक गुन्ह्यांसाठी फाशीची तरतूद होती, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. या सगळ्या काळात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या खटल्यांतील दोषसिद्धीचे प्रमाण बहुतेक वर्षी २७-२८ टक्क्यांच्या आसपासच राहिले.

डॅनियल नेगिन आणि इतर अनेक अभ्यासकांनी दशकानुदशके जरबेवरचे संशोधन तपासून काढलेला निष्कर्ष बेक्कारियाच्या म्हणण्याला दुजोरा देतो: शिक्षेची तीव्रता वाढवून मिळणारा परिणाम क्षीण असतो, पकडले जाण्याची खात्री वाढवून मिळणारा परिणाम भक्कम असतो. अत्याचारी ओळखीतला असेल तिथे कडक शिक्षेचा उलटा परिणामही होऊ शकतो. आपल्या तक्रारीमुळे वर्गमित्राला दहा वर्षांचा तुरुंगवास होईल किंवा तो फासावर जाईल, हे दडपण मुलीवर येते, दोन्ही घरांकडून येते, आणि ती गप्प बसते. शिक्षा वाढली आणि खात्री घटली, असा तो व्यवहार होतो.

‘दैनंदिन व्यवहार सिद्धान्त’ हा याच कुळातला का?

हो. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये तो मांडला. गुन्हा करण्यास प्रवृत्त माणूस, गाठता येण्याजोगे लक्ष्य आणि सक्षम रखवालदाराचा अभाव, या तीन गोष्टी एका वेळी एका ठिकाणी जुळल्या की गुन्हा घडतो, असे त्यांचे म्हणणे आहे. चोऱ्यांच्या बाबतीत हे सूत्र फार उपयोगी पडले. लैंगिक अत्याचाराला ते लावताना मात्र मोठी गफलत झाली. प्रवृत्त माणूस तर सगळीकडे असणारच असे गृहीत धरले गेले आणि सगळे लक्ष ‘लक्ष्या’वर, म्हणजे मुलीवर, खिळले.

मार्टिन श्वार्ट्झ आणि वॉल्टर डिकेसेरेडी यांनी हीच जागा दाखवून दिली. प्रवृत्त माणूस गृहीत का धरायचा, तो तयार कसा होतो ते विचारा, असे ते म्हणाले. कॅनडातील देशव्यापी पाहणीच्या आधारे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या तरुणांचे मित्र स्त्रियांवरच्या हिंसेला उत्तेजन देतात आणि जे स्वतः वारंवार दारू पितात, त्यांनी लैंगिक जबरदस्ती केल्याचे कबूल करण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक होते. म्हणजे हिशेबातला ‘फायदा’ हा केवळ शरीरसुखाचा नसतो. मित्रांमध्ये वाढणारा भाव, खोलीवर सांगायला मिळणारी गोष्ट, हाही त्यात असतो. आणि ‘किंमत’ ठरवतानाही पोलिसांच्या आधी मित्रच मोजले जातात. ते तोंड फिरवतील की पाठीवर थाप मारतील, यावर बरेच अवलंबून असते.

म्हणजे शेवटी मुलींनीच काळजी घ्यावी, असेच ना?

नाही. हा निष्कर्ष या सिद्धान्ताच्या नावाने काढला जातो तेव्हा चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जाते. मुलींच्या वसतिगृहाचे दार सायंकाळी लवकर बंद करायचे आणि मुलांचे मध्यरात्रीपर्यंत उघडे ठेवायचे, हा त्याचा आपल्याकडचा सर्वांत रूढ प्रकार. ज्याच्या वागण्यात निवड आहे त्याला मोकळे सोडून, जिने काही केलेले नाही तिच्या वेळा आखल्या जातात. दिल्लीतील विद्यार्थिनींनी २०१५ मध्ये ‘पिंजरा तोड’ या नावाने याच नियमांविरुद्ध आवाज उठवला.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम याबाबत निःसंदिग्ध आहेत. विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून वसतिगृहात मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादता येणार नाहीत, आणि सुरक्षेच्या नावाखाली स्त्रियांच्या हिंडण्याफिरण्यावर गदा आणता येणार नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. रेक्टरांच्या कार्यालयात हा नियम मोठ्या अक्षरात लावलेला मी अजून पाहिलेला नाही.

मुलींना सज्ज करण्याचा उपयोगच नाही, असेही नाही. शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेली चाचणी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. बारा तासांच्या या प्रशिक्षणात धोका ओळखणे, ओळखीच्या माणसाला ठामपणे अडवताना होणारी मनाची ओढाताण पार करणे आणि स्वतःच्या इच्छा जाणणे यांवर भर होता. वर्षभरानंतर प्रशिक्षण घेतलेल्या गटात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के होते, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के. हा फरक मोठा आहे. पण घराबाहेर पडू नका असे सांगून तो साधलेला नाही. आणि ५.२ टक्के हा उरलेला आकडा कोणत्याही प्रशिक्षणाने मुलींच्या खात्यात टाकता येत नाही.

संस्थेची जागा, इमारत, फर्निचर यांचा खरोखर काही संबंध असतो का?

असतो, आणि मला हा भाग सर्वांत शिकवण्यासारखा वाटतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जेनिफर हर्श आणि शेमस खान यांनी विद्यार्थ्यांच्या जीवनाचा दीर्घ अभ्यास केला. त्यात एक अगदी साधी गोष्ट पुढे आली. वसतिगृहाची खोली डोळ्यांसमोर आणा: एक पलंग, एक टेबल, कपड्यांचा ढीग पडलेली एकच खुर्ची. रात्री उशिरा दोघांना नुसते बोलत बसायचे असले तरी बसायला जागा पलंगावरच. मग एकाच्या मनात पलंगावर बसण्याचा अर्थ वेगळा होतो, दुसरीच्या मनात वेगळा, आणि नंतर ‘ती स्वतःच येऊन बसली होती’ ही सबब त्याच्यासाठी तयार असते. रात्री उघडी राहणारी, उजेडाची, चार खुर्च्या असलेली सामायिक जागा संस्थेने ठेवली तर गुन्हा अशक्य होणार नाही, पण ती सबब नक्कीच पोकळ होते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील फ्रॅटर्निटींचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या निवासी पुरुष मंडळांचे. एलिझाबेथ आर्मस्ट्राँग, लॉरा हॅमिल्टन आणि ब्रायन स्वीनी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पार्टीच्या रचनेकडेच बोट दाखवले. मुलींच्या मंडळांच्या घरांत दारूला बंदी असते, वसतिगृहात पहारा कडक असतो, त्यामुळे कमी वयाच्या विद्यार्थिनींना पार्टीसाठी पुरुष मंडळाच्या घरी जावे लागते. आत कोणाला घ्यायचे ते मुले ठरवतात, पेयात काय आहे ते मुलांना माहीत असते, गाडी मुलांची असते. न्यायला गाडी येते, परत सोडायला येईलच याची शाश्वती नसते. दारूबंदीचा हेतू मुलींच्या भल्याचा होता, पण त्याने सगळा ताबा एका बाजूला दिला. नियम करताना तो कोणाचा हिशेब सोपा करतो हे पाहिले नाही की असे होते.

क्लार्क यांच्या परंपरेत याला प्रसंगनिष्ठ प्रतिबंध म्हणतात. गुन्ह्याला लागणारे श्रम वाढवणे, जोखीम वाढवणे, फायदा घटवणे, चिथावणी कमी करणे आणि सबबी काढून घेणे, अशी त्याची पाच अंगे आहेत. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत शेवटचे अंग माझ्या मते सर्वांत कमी वापरले जाते. न्यूयॉर्क शहरातील ३० माध्यमिक शाळांत ब्रूस टेलर, नॅन स्टाइन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनाच शाळेचा नकाशा देऊन असुरक्षित वाटणाऱ्या जागा रंगवायला सांगितले. त्या जागी शिक्षकांची उपस्थिती वाढवली आणि वागण्याचे नियम भिंतींवर लावले. छळाचे आणि लैंगिक हिंसेचे प्रमाण त्याने घटले. केवळ वर्गात धडे दिलेल्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही.

बहुतेक अत्याचार थोडेच लोक पुन्हापुन्हा करतात, हे खरे आहे का?

यावर मतभेद आहेत. डेव्हिड लिसाक आणि पॉल मिलर यांच्या २००२ च्या अभ्यासात १,८८२ पुरुषांपैकी १२० जणांनी बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न या व्याख्येत बसणारे वर्तन सांगितले, आणि त्यांतील ७६ जणांनी ते एकाहून अधिक वेळा केले होते. बहुतेक घटना याच ७६ जणांच्या होत्या. त्यावरून विद्यापीठातला अत्याचारी म्हणजे सराईत शिकारीच, अशी प्रतिमा पसरली. केव्हिन स्वार्टआउट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तरुणांच्या गटांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन ती प्रतिमा खोडली. सातत्याने गुन्हे करणारा एकच छोटा गट बहुतेकांना जबाबदार आहे, असे त्यांना आढळले नाही. अनेकांचे वागणे वर्षागणिक बदलत होते. हा दुसरा निष्कर्ष मला अधिक आशादायक वाटतो, कारण जे वागणे परिस्थितीनुसार बदलते ते परिस्थिती बदलून रोखताही येते.

हा सिद्धान्त कुठे तोकडा पडतो?

जिथे सत्ता येते तिथे. गुन्हेगार आणि रखवालदार हे दोन वेगळे लोक आहेत, असे या सिद्धान्ताच्या रचनेत गृहीत धरलेले असते. आपल्याकडच्या महाविद्यालयांत इंटर्नलचे गुण, जर्नलवरची सही, सबमिशनची तारीख आणि पीएच.डी.च्या गाइडची मर्जी एकाच व्यक्तीच्या हाती असते, आणि ज्याच्याकडे दाद मागायची तोच कधीकधी त्रास देणारा असतो. तिथे जोखीम वाढवा म्हणणे सोपे आहे. ती वाढवणार कोण, हा खरा प्रश्न आहे. जातीचा प्रश्नही या ताळ्यात सहज शिरत नाही. कोणाच्या तक्रारीवर विश्वास ठेवला जाईल याचा अंदाज अत्याचारी बांधतो, तेव्हा मुलीचे घर, गाव आणि जात तो विचारात घेतो, आणि परदेशी प्रश्नावल्यांत त्यासाठी रकाना नाही.

दुसरी उणीव अशी, की इच्छा कुठून येते याबद्दल हा सिद्धान्त फारसे बोलत नाही. मुलीचा नकार हा नकार नसतोच, हे एखादा मुलगा घरी, मित्रांत आणि पडद्यावर पाहत मोठा होतो, तेव्हा त्याच्या हिशेबात गुन्हा हा शब्दच नसतो. ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा यांनी १९५७ मध्ये दाखवले होते, की माणूस कृत्याआधीच सबबी तयार ठेवतो: कोणाला इजा झालीच नाही, तिचीच तशी लायकी होती, माझा इलाज नव्हता. हे हिशेबाच्या आधीचे काम आहे, आणि ते शाळेपासूनच मोडून काढावे लागते.

तक्रार करणारी मुलगीही हिशेब मांडतेच ना?

मांडते, आणि तिचा हिशेब गुन्हेगाराच्या हिशेबाशी थेट जोडलेला असतो. तक्रारीची किंमत तिच्यासाठी जितकी जास्त, तितकी त्याची जोखीम कमी. पुरावा नाही, सूड घेतला जाईल, घरी कळेल, पोलीस गांभीर्याने घेणार नाहीत, अशी कारणे अमेरिकेतील विद्यार्थिनींनी तक्रार न करण्यामागे सांगितली. आपल्याकडे घरी कळण्याचे कारण अधिकच जड होते, कारण घरी कळले की शिक्षण थांबण्याची भीती असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करणे हा त्या मुलीच्या दृष्टीने अनेकदा सर्वांत स्वस्त पर्याय ठरतो. तिला भित्री म्हणणाऱ्यांनी आधी तिचा ताळा तिच्या जागी बसून मांडून पाहावा.

घाईने कारवाई केली तर जरब बसेल का?

घाई आणि तत्परता यांत फरक आहे. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या, चौकशी झाली आणि त्याला बडतर्फ केले गेले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा चौकशीसाठी पाठवले, कारण समितीने बैठका घाईघाईत उरकल्या आणि बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, असे न्यायालयाला आढळले. चौदा वर्षे उलटल्यावर प्रकरण मागे येणे हे तक्रारदार मुलींसाठी किती क्लेशाचे असेल याची कल्पना करवत नाही. नियमाने चालणारी चौकशी ही आरोपीवर केलेली मेहेरबानी नसते, ती तक्रारीचाच टिकाव असते. त्याच निकालात न्यायालयाने देशभरातील संस्थांनी समित्यांची रचना, सदस्यांची नावे आणि संपर्काचे तपशील संकेतस्थळावर ठेवावेत, असे निर्देश दिले.

आमच्या महाविद्यालयात यातले काय करता येईल?

कायद्याचा सांगाडा तयार आहे. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आणि आयोगाचे विनियम यांनुसार अंतर्गत समिती हवी. तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला प्राध्यापक हवी आणि बाहेरचा एक सदस्य हवा. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, आणि कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांसारखे वरिष्ठ पदाधिकारी समितीत नकोत. तक्रार साधारण तीन महिन्यांत करावी लागते, समितीला ती मुदत आणखी तीन महिने वाढवता येते, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. आवाराच्या व्याख्येत वसतिगृह, उपाहारगृह, महाविद्यालयाची बस, सहल आणि शिबिरही येते. कलम १६ नुसार तक्रारदाराची ओळख उघड करता येत नाही.

पण सांगाडा असणे आणि तो मुलींना दिसणे यांत अंतर आहे. बाहेरची सदस्य म्हणून एका महाविद्यालयात गेले, तेव्हा तक्रारपेटी प्राचार्यांच्या केबिनसमोर, शिपायाच्या स्टुलाच्या वर टांगलेली होती आणि बरोबर तिच्याकडे तोंड केलेला कॅमेरा होता. कुलूप गंजलेले होते, किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच आठवत नव्हते. शेजारच्या फलकावर समितीच्या सदस्यांची नावे होती. त्यांतल्या एक बाई निवृत्त झालेल्या, दुसऱ्या बदलून गेलेल्या, आणि दिलेला क्रमांक कार्यालयातल्या सामायिक फोनचा. त्या पेटीत चिठ्ठी टाकायला आलेल्या मुलीला अर्धे महाविद्यालय पाहणार, हे तिलाही दिसत होते आणि तिला त्रास देणाऱ्यालाही.

आम्ही पेटी मुलींच्या विश्रामकक्षाच्या आतल्या भिंतीवर नेली, नवी नावे लावली, समितीचा स्वतंत्र मोबाइल क्रमांक छापला. पंधरवड्याने उघडली तेव्हा जर्नलच्या फाडलेल्या पानावर निळ्या शाईत एकच ओळ होती: ‘तक्रार केली तर घरी फोन जाईल का?’ नाव नव्हते, त्यामुळे उत्तर द्यायचे कोणाला हा प्रश्न पडला. मग ते उत्तर मोठ्या अक्षरात लिहून पेटीच्या शेजारीच चिकटवले: ‘नाही. तुमच्या संमतीशिवाय समिती तुमच्या घरी कळवणार नाही.’